परळची वस्ती आणि परळचें इस्पितळ

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा, शाळेचा व धर्मगुरूंचा वृत्तान्त यावा हें रीतीला धरूनच आहे. त्यांत एका म्युनिसिपल इस्पितळाची हकीकत आम्हीं कां घालावी, असें कोणी वाचक विचारील, तर त्याचें उत्तर सोपें आहे. देऊळ काय किंवा इस्पितळ काय, दोन्हीं वस्तीच्या आधारानें उभीं राहतात. इमारत जागची हलत नाहीं. तिच्या भोंवतालचीं माणसें मात्र येतात, वाढतात, उठून जातात, व त्यांच्या जागीं दुसरीं येतात. पन्नास-पाऊणशें वर्षांनीं पाहावें तों भिंती त्याच, पण आंत येणारा मनुष्य निराळा. मुंबईच्या बहुतेक जुन्या संस्थांच्या इतिहासांत ही गोष्ट दिसते. परंतु परळचें किंग एडवर्ड मेमोरियल इस्पितळ, ज्याला सारे लोक नुसतें 'केईएम' म्हणतात, त्याच्या इतिहासांत ती जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसेल. शिवाय आपल्यांत असें घर विरळा, कीं ज्यांतील कोणी ना कोणी केसपेपर हातांत धरून तेथल्या बांकावर बसलेलें नाहीं.

इस्पितळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या तोंडून आला, आणि परळच्या हकीकतीचा आरंभहि त्यांच्याच अमदानींतला आहे. मुंबई म्हणजे सात बेटें होतीं तेव्हां परळ हें त्यांतील एक. भातशेती, ताडामाडांच्या वाड्या व खारट जमिनी, एवढीच त्याची संपत्ति. तेथें येशूसंघी धर्मगुरूंचा मठ व प्रार्थनामंदिर होतें. १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई इंग्रजांकडे जावयाची ठरली, तरी परळ-माहीमकडच्या जमिनींवरून येशूसंघी व इंग्रज यांचे तंटे पुष्कळ वर्षें चालले. अखेर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रजांनीं ती वास्तु आपल्या ताब्यांत घेतली. पुढें तिचाच गव्हर्नरसाहेबांचा बंगला झाला. जेथें मिस्सा होत असे तेथें मेजवान्या झडूं लागल्या. त्याबद्दल येथें शोक करण्याचें प्रयोजन नाहीं. एका वास्तूनें किती वेष पालटले हेंच दाखवावयाचें आहे. १८७५ सालीं इंग्लंडचे युवराज एडवर्ड मुंबईस आले, तेव्हां त्यांचा मुक्काम याच बंगल्यांत होता. त्यांच्याच नांवाचें इस्पितळ अर्ध्या शतकानें तेथून हांकेच्या अंतरावर उभें राहणार होतें, हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

कारण त्या वेळीं परळ ही हवा खाण्याची जागा होती. कोटांतल्या दाटींतून सुटलेल्या बड्या लोकांनीं तेथें बाग-बंगले केले होते. परंतु १८५३ सालीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली, १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं ताडदेवास कापडाची पहिली गिरणी काढण्याचें काम हातीं घेतलें, आणि तेव्हांपासून परळच्या हवेचें आयुष्य मोजकेंच राहिलें. गिरणीला मोकळी जमीन लागे, पाण्याचा तलाव लागे, आगगाडीची सोबत लागे. हें सारें शहराच्या उत्तरेस स्वस्त होतें. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी असें करीत धुराडीं उत्तरेकडे सरकत गेलीं. रेल्वेचे कारखानेहि तेथेंच आले. १८८० च्या दशकाच्या आरंभीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीनें परळच्याच बंगल्यांत वारल्या, आणि लवकरच गव्हर्नरांनीं आपलें बिऱ्हाड मलबार टेकडीवर नेलें. साहेब गेला, धूर राहिला. याच दशकांत दिनशा पेटिट या गिरणीमालकांच्या घराण्याच्या औदार्यानें परळास जनावरांचें इस्पितळ निघालें. माणसांच्या मोठ्या इस्पितळासाठीं परळकरांना आणखी चाळीस वर्षें थांबावें लागलें, हें थोडें विचित्र वाटतें खरें. पण क्रम तसाच आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी बंदराजवळ डॉ. अकासियो व्हिएगश या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनीं एका रोग्याची गांठ पाहून ही गांठीची महामारी आहे असें निदान केलें. प्रथम पुष्कळांना तें पटेना. पटलें तेव्हां अर्धी मुंबई गांठोडीं घेऊन स्थानकाकडे पळत होती. (याच डॉक्टरांना पुढें १९०६ सालीं मुंबई म्युनिसिपालिटीचें अध्यक्षपद मिळालें.) महामारीचा तडाखा दाटीच्या वस्तीला विशेष बसला. गव्हर्नरांच्या रिकाम्या बंगल्यांत प्रथम रोग्यांची सोय झाली, आणि १८९९ सालीं हाफकिन यांची प्रयोगशाळा तेथें आली. हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत आपली लस प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली होती. मठाचा बंगला, बंगल्याची प्रयोगशाळा, आणि १९२५ पासून 'हाफकिन इन्स्टिट्यूट' असा त्या एका वास्तूचा प्रवास आहे.

येथें एक गोष्ट जरा विस्तारानें सांगावयास हवी, कारण तिच्यावांचून पुढल्या इतिहासाचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. महामारीच्या पहिल्याच शरदांत, १८९६ च्या ऑक्टोबरांत, आर्थर रोडवरील सांथीच्या रोगांच्या इस्पितळावर गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें हल्ला केला. इस्पितळांत नेलेला मनुष्य परत येत नाहीं. तेथें त्याचें रक्त व चरबी काढून औषधें करितात. मेल्यावर त्याची गत आपल्या धर्माप्रमाणें लागत नाहीं, अशा वावड्या गिरण्यांतून उठल्या होत्या. वावड्या खोट्या होत्या, पण भीति खरी होती. शिपाई घरांत शिरून रोग्याला उचलून नेत. त्याच्याजवळ बसावयास घरच्यांना मुभा नसे. उपचार करणारा परभाषेंत बोले. गरिबाच्या दृष्टीनें इस्पितळ हें तुरुंगाचेंच दुसरें नांव होतें. आणि याच वस्तींतले लोक तीस वर्षांनीं आपल्या पायांनीं इस्पितळाच्या दारीं रांग लावून उभे राहिले. असें काय झालें?

पहिलें कारण वस्तीच्या रचनेंत आहे. महामारी ओसरल्यावर गिरण्या पुन्हां भरल्या, व रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर व पुणें या बाजूंचे लोक हजारोंनीं येऊन गिरणगांवांत राहिले. यांतले पुष्कळजण एकटे पुरुष होते. एका गांवचे वीस-तीस गडी मिळून चाळीचा एक गाळा भाड्यानें घेत. रात्रपाळीचा उठला कीं त्याच वळकटीच्या जागीं दिवसपाळीचा निजे. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. आपल्या गोमंतकीय बांधवांचीं धोबीतलाव-माझगांवकडील 'कुडें' ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना हें चित्र नवें नाहीं. अशा गाळ्यांत मनुष्य तापानें पडला, तर त्याच्या उशाशीं कोण बसणार? आई गांवीं, बायको गांवीं, सोबती साच्यावर. खाडा केला तर रोज बुडतो. म्हणून दुखणाईत गडी एक तर बोटीनें किंवा गाडीनें गांवीं जाई, नाहीं तर त्याला खाट देणारी जागा शोधावी लागे. ज्यांनीं बायकामुलें आणलीं होतीं त्यांची दशा याहून वाईट. दहा बाय बाराच्या खोलींत चूल, मोरी, बाळंतपण व आजार सारें एकत्र. १९२१ सालीं मुंबईंत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक अर्भकें वर्षाच्या आंत दगावल्याचें म्युनिसिपल दप्तर सांगतें. पुष्कळ बाया बाळंतपणाला माहेरीं जात व तान्हें मूल घेऊन परत येत, त्यामुळें जन्म गांवीं व मृत्यु मुंबईंत नोंदला जाई. म्हणून हा आंकडा कांहींसा फुगलेला आहे हें मान्य करूनहि तो वाचतांना अंगावर कांटा येतो. सरकारी खात्यानें १९२० च्या दशकांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें बांधलेल्या दोनशें सात बी.डी.डी. चाळींनीं छप्पर दिलें. हवा-उजेड थोडाच दिला.

इतक्या मोठ्या वस्तीला जवळ मोठें सर्वसाधारण इस्पितळ नव्हतें. जे. जे. भायखळ्यास, कामा व गोकुळदास तेजपाल बोरीबंदराकडे. सारीं जुन्या शहराच्या अंगाला. त्यांतहि जे. जे. व ग्रँट मेडिकल कॉलेज सरकारी असल्यानें तेथल्या वरच्या जागा बहुधा गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या वांट्याला जात. पदवी घेतलेला हिंदी डॉक्टर कितीहि कुशल असला तरी तो बाहेरचाच. या दोन उणिवा एकाच ठिकाणीं भरून काढण्याचा योग परळास आला. बादशहा सातवे एडवर्ड १९१० सालीं वारले, त्यांच्या स्मारकासाठीं निधि जमला. म्युनिसिपालिटीला उत्तरेकडे इस्पितळ हवेंच होतें. आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनीं वैद्यकीय कॉलेजासाठीं मोठी देणगी देऊं केली. देणगीला अट होती: तेथील शिक्षक व डॉक्टर सरकारी नोकरींत नसलेले, लायक, हिंदी गृहस्थच असावे. १९२६ सालीं इस्पितळ व कॉलेज सुरू झालें. इमारतीचे शिल्पज्ञ जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया ज्यांनीं रचला तेच. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. गांधीजींचे हे निकटवर्ती १९४२ पर्यंत त्या जागेवर होते, व पुढें १९६० सालीं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

बादशहाच्या नांवाच्या इस्पितळांत बादशहाच्या नोकरांना मज्जाव, हा विनोद त्या काळीं पुष्कळांना कळला असावा. पण रोग्याच्या बाजूनें पाहतां त्या अटीचें मोल राजकारणाहून वेगळें आहे. मराठी, गुजराती बोलणारा डॉक्टर खाटेशीं उभा राहून 'कोठें दुखतें' असें विचारूं लागला, आणि तीस वर्षांपूर्वींची तुरुंगाची भीति हळूहळू ओसरली. आमच्या मतें १८९६ चा जमाव व १९२६ नंतरची रांग यांमधलें मुख्य अंतर औषधांचें नव्हे. प्लेगवर तेव्हांहि खात्रीचें औषध नव्हतें. अंतर बोलण्याचें आहे, आणि इस्पितळ कोणाचें वाटतें याचें आहे. सरकारच्या इस्पितळांत माणूस नेला जाई. परळच्या इस्पितळांत तो जाऊं लागला.

त्याच आवाराशेजारीं वाडिया घराण्यानें १९२६ सालीं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह व १९२९ सालीं बाई जेरबाई वाडिया यांच्या नांवाचें मुलांचें इस्पितळ काढलें. वाडिया हे गिरणीमालक. त्यांच्या सांच्यांवर खपणाऱ्यांचींच मुलें तेथें येत. १९४१ च्या फेब्रुवारींत टाटांच्या विश्वस्तनिधींतून लेडी मेहेरबाई यांच्या स्मरणार्थ कर्करोगाचें टाटा मेमोरियल इस्पितळ उघडलें. धूर, दाटी, महामारी यांनीं परळाला जी गरज लावली, तिनेंच परळ हें वैद्यकाचें गांव बनविलें. या सर्व ठिकाणीं परिचारिका म्हणून ज्या मुली आल्या त्यांत ख्रिस्ती मुलींचा भरणा मोठा होता. इतर घरें मुलींना या कामास पाठवावयास कचरत होतीं तेव्हां आपल्या समाजानें पाठविलें, ही गोष्ट येथें नमूद केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

पुढचीं पन्नास वर्षें वस्ती व इस्पितळ एकमेकांत मुरून गेलीं. गिरणगांवांत भोंग्यावर जेवण, भोंग्यावर झोंप, भोंग्यावर लग्नाचा मुहूर्त. तेव्हां दुखणेंहि पाळी पाहूनच दाखवावें लागे. सांच्यांत सांपडलेलीं बोटें, रिंग खात्यांतल्या उष्म्यानें आलेली घेरी, कपाशीच्या तुसानें भरलेली छाती, क्षयाचा खोकला, हीं गिरणगांवचीं दुखणीं होतीं. छातीच्या रोगांवर केईएमच्या डॉक्टरांनीं जें काम केलें तें या वस्तीशिवाय झालें नसतें. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईच्या हवेचा लोकांच्या श्वसनावर होणारा परिणाम तपासला, तेव्हां ज्या भागांतील माणसें त्यांनीं निवडलीं त्यांत चेंबूर व खार यांच्या जोडीला परळ होतेंच. धुराडीं खिडकींतून दिसत असतांना दूर कोठें शोधावयास जावें? १९६८ च्या फेब्रुवारींत डॉ. पी. के. सेन यांनीं हिंदुस्थानांतील पहिलें हृदयारोपण येथेंच केलें. रोगी कांहीं तासांतच दगावला. पण म्युनिसिपालिटीच्या पैशावर चालणाऱ्या, गिरण्यांच्या मधोमध असलेल्या इस्पितळानें तें धाडस केलें याचें महत्त्व त्यामुळें कमी होत नाहीं.

आणखी एक व्यवस्था या काळांत आली, जिचा परिणाम पुढें उलटा झाला. १९४८ च्या कायद्यानें कामगारांचा राज्य विमा सुरू झाला, व परळासच विम्याचें महात्मा गांधी स्मारक इस्पितळ निघालें. पगारांतून थोडी कपात, मालकाची भर, आणि आजारपणांत कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचाराचा हक्क. फार चांगली योजना. मात्र हा हक्क नोकरीच्या खुंटीला टांगलेला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी दत्ता सामंत हे स्वतः डॉक्टर, आणि तेहि याच परळच्या गोर्धनदास सुंदरदास कॉलेजांत शिकलेले. घाटकोपरास खाणकामगारांमध्यें दवाखाना चालवितां चालवितां ते कामगारांच्या चळवळींत पडले. संप मागें घेतल्याची रीतसर घोषणा कधींच झाली नाहीं. तो विरत गेला. कित्येक गिरण्या पुन्हां चालूच झाल्या नाहींत, बाकीच्या पुढल्या वीस वर्षांत एक एक करून थंड पडल्या. नोकरी गेली त्याबरोबर विम्याची खुंटीहि उखडली. काल ज्याला विम्याच्या इस्पितळांत हक्क होता तो आज तेथें कोणी नव्हता. त्याला उरलें तें म्युनिसिपालिटीचें दार. गिरणी बंद पडली कीं तिच्या भोंवतालची खाणावळ, पानपट्टी, पतपेढी बंद पडते. इस्पितळाचें मात्र उलटें होतें. वस्ती निर्धन झाली कीं त्याची गर्दी वाढते. बाजार-व्यापाराचा इतिहास लिहिणारे वस्तीचा ऱ्हास व संस्थेचा ऱ्हास एकच धरून चालतात, तें इस्पितळांना लागूं पडत नाहीं.

यानंतर जमिनीचें प्रकरण आलें. १९९१ च्या नियमावलींत बंद गिरण्यांच्या जमिनींचे तीन वांटे करावयाचे ठरलें: एक वांटा म्युनिसिपालिटीला मोकळ्या जागांसाठीं, एक घरबांधणी मंडळाला, एक मालकाला. २००१ सालीं नियम बदलला, आणि वांटणी साऱ्या जमिनीची न होतां फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची करावयाची, असा अर्थ झाला. गिरणीची बहुतेक जमीन इमारतींनीं व्यापलेली. मोकळी ती केवढी असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व २००६ सालीं नवा नियम कायम झाला. फिनिक्स, कमला, श्रीराम या गिरण्यांचीं नांवें आज बाजारांचीं व कचेऱ्यांचीं नांवें आहेत. लोअर परळास घरें विकणाऱ्यांनीं त्याचें 'अप्पर वरळी' असें नवें बारसेंहि केलें. परळ या नांवाला अजून चाळीचा वास येत असावा. या उंच घरांत राहणारा मनुष्य केईएमच्या रांगेंत सहसा दिसत नाहीं. त्याची इस्पितळें वेगळीं, आणि तींहि याच भागांत निघालीं आहेत.

पण वस्ती बदलली कीं तिचे अपघातहि बदलतात, आणि अपघाताला इस्पितळ निवडण्यास सवड नसते. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळीं परळ व एल्फिन्स्टन रोड हीं दोन स्थानकें जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसें मेलीं. गिरण्यांच्या काळीं कामगार चाळींतून चालत कामावर जाई. आतां त्याच जागीं उभारलेल्या कचेऱ्यांत हजारों माणसें दूरच्या उपनगरांतून आगगाडीनें येतात, आणि जुना जिना त्या लोंढ्याला पुरला नाहीं. मृत व जखमी केईएममध्यें आणले गेले. बरोबर तीन महिन्यांनीं, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीं, कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा जण मेले. तींहि प्रेतें याच इस्पितळांत आलीं. एकेकाळीं सांच्यांत हात सांपडलेला कामगार ज्या गिरणीच्या फाटकांतून येई, त्याच फाटकांतून वाढदिवसाच्या मेजवानीला गेलेलीं तरुण मुलें आलीं.

मग गिरणगांवचे मूळ लोक गेले कोठें? शिरगणतीचे आंकडे त्याचें उत्तर देतात. माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या बेटावरची वस्ती १९८१ सालीं सुमारें तेहतीस लाख होती. २०११ सालीं ती सुमारें एकतीस लाखांवर आली. याच काळांत भोंवतालचीं उपनगरें, ठाणें, कल्याण, वसई-विरार फुगत गेलीं. चाळींतली खोली विकून दोन भावांनीं नालासोपाऱ्यास दोन घरें घेतलीं, ही कहाणी आपल्याकडील गांवांत शेजारीं राहावयास आलेल्या कित्येक कुटुंबांकडून ऐकावयास मिळते. गिरणीकामगारांना घरें देण्यासाठीं सोडती निघाल्या, २०१२ सालीं पहिली. अर्ज लाखाहून अधिक, घरें कांहीं हजार, आणि त्यांतलीं कांहीं पनवेलजवळ कोन येथें. मनुष्य परळ सोडून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर गेला.

परंतु दुखणें आलें कीं तो परळासच येतो. हीच या साऱ्या इतिहासांतली आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट वाटते. केईएममध्यें आज अठराशेंहून अधिक खाटा आहेत, व वर्षाकांठीं सुमारें अठरा लाख रोग्यांची बाहेरच्या विभागांत तपासणी होते. इस्पितळाच्या भोंवतालीं राहणाऱ्यांची एवढी संख्याच नाहीं. हे लोक आगगाडीनें येतात: विरारहून, कर्जतहून, कसाऱ्याहून, आणि टाटा इस्पितळाकडे तर बिहार-बंगालहूनहि. टाटा इस्पितळाच्या बाहेर पदपथावर पथारी टाकून राहणारे रोगी व त्यांचे नातलग कोणीहि जाऊन पाहावे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा नसती तर त्यांतले आणखी किती उघड्यावर असते कोण जाणे. एकट्या गड्यांच्या गाळ्यांचें परळ गेलें. पण मुंबईंत उशाशीं कोणी नसलेला दुखणाईत मनुष्य गेला नाहीं. तो पूर्वीं गाळ्यांत होता, आतां पदपथावर आहे.

इस्पितळानें आपल्याकडूनहि वस्तीच्या मागें जाण्याचा यत्न केला आहे. शहराच्या मध्यभागांतून उठविलेल्या झोंपडीवासीयांना मालाडजवळ मालवणी येथें जागा दिल्यावर, केईएमच्या कॉलेजाचें नागरी आरोग्यकेंद्र तेथें सुरू झालें. परळास शिकणारा विद्यार्थी गरिबाचें घर पाहावयास तिकडे जातो. त्याच्या पणजोबांच्या काळीं तें पाहावयास रस्ता ओलांडणें पुरत होतें.

२०२० सालीं करोनाची सांथ आली व २३ मार्चपासून उपनगरी गाड्या बंद झाल्या, तेव्हां इस्पितळ व त्याचे रोगी यांमधला हा रूळ किती नाजूक आहे तें कळलें. सांथीचे रोगी खाटांना पुरून उरले; पण मधुमेहाचा, मूत्रपिंडाचा, फेंफऱ्याचा जो जुना रोगी दर महिन्यास डोंबिवलीहून वा नालासोपाऱ्याहून औषध न्यावयास येई, त्याला येण्याला वाट राहिली नाहीं. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना गाडी खुली झाली तीहि ठराविक वेळांपुरती. सकाळीं सातच्या आंत चढावें, नाहीं तर दुपारीं बारापर्यंत थांबावें. एप्रिलांत तीहि सोय पुन्हां बंद पडली. १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना पास मिळूं लागले, आणि ज्या गांवांतल्या बंगल्यांत हाफकिनची प्रयोगशाळा होती त्या परळाकडे हातांत लशीचा दाखला व पिशवींत केसपेपर घेऊन माणसें पुन्हां येऊं लागलीं.